पगार कुणाचा, बांधिलकी कुणाशी : अमेरिकी कॉलेजातला टेनिस कोच

व्यावसायिक टेनिसमध्ये कोचला खेळाडू नेमतो आणि खेळाडूच काढतो. विम्बल्डनला खेळाडूच्या खास जागेत बसलेला माणूस एके काळी स्वतः अव्वल क्रमांकावर राहिलेला असला, तरी त्याचे मानधन समोर खेळणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या खात्यातून येते. चार स्पर्धा वाईट गेल्या की करार संपतो. खालच्या पातळीवर, शहरोशहरीच्या अकादम्यांत, हेच पालकांच्या फीमुळे घडते. पालक नाराज झाला की मूल दुसऱ्या अकादमीत जाते. राष्ट्रीय संघटनांनी नेमलेले थोडे कोच सोडले, तर जगभर टेनिस शिकवणाऱ्या बहुतेकांची स्थिती अशीच आहे. याला एकच मोठा अपवाद आहे, आणि तो अमेरिकी विद्यापीठांत सापडतो. तिथे कोचला पगार विद्यापीठ देते, खेळाडूची शिष्यवृत्ती कोचच्या शिफारशीवर ठरते आणि शनिवारच्या लढतीत कोण खेळणार हे कोच सांगतो. इथे शिकवणारा शिकणाऱ्याला निवडतो. या पेशात जे चांगले आहे ते या उलट्या मांडणीतून आले, आणि जे वाईट आहे तेही तिथूनच आले, असे माझे म्हणणे आहे. ही मांडणी नीट चालायची असेल तर कोचला एका जागी पुष्कळ वर्षे राहता आले पाहिजे. अलीकडच्या काळात अमेरिकेत नेमकी हीच अट ढिली पडली आहे, आणि त्याची चर्चा खेळाडूंच्या पैशाच्या चर्चेखाली दबून गेली आहे.

अमेरिकेत आंतरमहाविद्यालयीन टेनिस १८८३ पासून खेळले जाते, म्हणजे विम्बल्डन सुरू झाल्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी. पूर्ण वेळचा पगारी कोच मात्र त्या मानाने अलीकडचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, आणि काही ठिकाणी त्यानंतरही, हे काम दुसरी नोकरी सांभाळून केले जाई. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाला, म्हणजे यूएससीला, दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे जॉर्ज टोली लॉस एंजेलिस टेनिस क्लबमध्येही शिकवत. यूसीएलएचे जे. डी. मॉर्गन कोच असतानाच १९६३ मध्ये विद्यापीठाच्या साऱ्या क्रीडा विभागाचे संचालक झाले. त्यांच्याच संघातून आर्थर ॲश १९६५ मध्ये एकेरीचा राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन विजेता ठरला. जॉर्जिया विद्यापीठाचे डॅन मॅगिल क्रीडा प्रसिद्धी विभागही सांभाळत. मिनेसोटातल्या गस्टावस ॲडॉल्फस या लहान कॉलेजात स्टीव्ह विल्किन्सन टेनिस कोच होते आणि वर्गात धर्म हा विषय शिकवत. हॅम्प्टन या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठाचे रॉबर्ट स्क्रीन वाचा-विकारांचे प्राध्यापक होते, आणि त्यांच्या संघाने १९७६ आणि १९८९ मध्ये कॉलेज स्पर्धांच्या तीन विभागांपैकी दुसऱ्या विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. या माणसांचा दर्जा विद्यापीठात शिक्षकाच्या जवळचा होता. हरलेल्या हंगामानंतर त्यांना कुणी घरी पाठवत नसे, कारण त्यांची गणती मुळात जिंकण्यासाठी भाड्याने आणलेल्या माणसांत होत नव्हती. पुढे या कामाला चांगला पगार आला, सहायक आले, कार्यालय आले. ही प्रगती खरीच आहे. पण शिक्षक म्हणून मिळणारा स्थैर्याचा आधार याच वाटेवर हळूहळू सुटत गेला.

हे काम प्रत्यक्षात कसे असते, ते एका लढतीतून सर्वांत चांगले कळते. पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागात दोन कॉलेजांची लढत सात गुणांची असते. आधी दुहेरीचे तीन सामने एकाच वेळी, प्रत्येकी एका सेटचे. त्यांतले दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एकच गुण. मग एकेरीचे सहा सामने, तेही शेजारच्या सहा कोर्टांवर जवळपास एकाच वेळी सुरू होतात आणि प्रत्येकाला एक गुण. चार गुण आधी मिळवणारा जिंकतो. गेममध्ये ४०-४० झाले की एकाच गुणावर गेम संपतो. व्यावसायिक पुरुष टेनिसमध्ये प्रेक्षकांतून सल्ला द्यायला परवानगी मिळाली ती २०२२ मध्ये, आणि तीही चाचणी म्हणून. कॉलेजात मात्र कोच फार आधीपासून थेट कोर्टावर उभा राहून बोलू शकतो. पण कोर्ट सहा आणि माणसे दोन-तीन. तीन क्रमांकाच्या कोर्टावर मुलगा पहिला सेट हरून रागावला आहे, पाचवर दुसरा पायात गोळा आल्याने लंगडतो आहे, सहावर पहिल्या वर्षाचा पोरगा आयुष्यात पहिल्यांदा संघासाठी खेळतो आहे. बाजू बदलताना मिळणाऱ्या दीड मिनिटात कुठल्या बाकावर जाऊन बसायचे, हा निर्णय कोच दुपारभर घेत राहतो. धावफलक ३-३ झाला आणि एकच कोर्ट उरले की बाकीचे सगळे खेळाडू कुंपणापाशी जमतात. २०२४ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाने टेक्सास विद्यापीठाला ४-३ असे हरवून पुरुषांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. अशा लढतीत सहाव्या क्रमांकावरच्या खेळाडूचे मोल पहिल्या क्रमांकाइतकेच असते. संघ खेळाडूंच्या ताकदीच्या क्रमानेच उतरवावा लागतो, त्यामुळे डावपेच म्हणून कमजोर खेळाडूला वर ढकलता येत नाही. उरते ते एकच काम: सहाव्याला आणि सातव्याला चार वर्षांत घडवणे. व्यावसायिक कोचला हा प्रश्नच पडत नाही. त्याच्याकडे सहावा खेळाडू नसतो.

लढत हा कामाचा दिसणारा भाग झाला. उरलेल्या वर्षात कोच कुमार स्पर्धा पाहत हिंडतो, परदेशातल्या मुलांशी रात्री-अपरात्री बोलतो, माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या मागतो, प्रयोगशाळेचा तास आणि सराव यांची वेळ जुळवतो आणि लहान कॉलेजात असेल तर संघाची व्हॅनही चालवतो. खेळाडू भरतीसाठी बाहेर पडायचे तर नियमांची परीक्षा द्यावी लागते. हंगामात सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, हंगामाबाहेर ती आणखी कमी. सर्वांत नाजूक काम शिष्यवृत्तीच्या वाटपाचे. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, नियमांनी पहिल्या विभागात मुलांच्या संघाला वर्षानुवर्षे साडेचार शिष्यवृत्त्या मिळत आणि मुलींच्या संघाला आठ. मुलींच्या आठ पूर्ण असत. मुलांच्या साडेचार आठ-दहा जणांत तुकडे करून वाटायच्या. कुणाला निम्मी, कुणाला पाव, कुणाला नुसते संघात स्थान. हा फरक पाहून मुलींच्या हक्कांवर बोट ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि ते चुकतात. १९७२ च्या समान संधीच्या कायद्याने, टायटल नाइनने, मुलामुलींना क्रीडा संधी समान द्यायला सांगितले. पण अमेरिकी फुटबॉलच्या एका संघाला ८५ शिष्यवृत्त्या द्यायच्या हे कायद्याने सांगितले नव्हते. तो विद्यापीठांचा स्वतःचा निर्णय होता, आणि त्याचा तोल सांभाळताना मुलांच्या टेनिस, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स अशा खेळांना कात्री लागली.

आता मुक्कामाच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मांडणीचा भार त्याच्यावर आहे. स्टॅनफर्डचे डिक गूल्ड हे या पेशातले सर्वांत मोठे नाव. १९६६ ते २००४ अशी ३८ वर्षे ते तिथे कोच होते आणि त्यांच्या संघांनी १७ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. जॉन मॅकेन्रो १९७८ मध्ये त्यांच्याकडे पहिल्या वर्षात खेळून एकेरीचा विजेता झाला. पुढे ब्रायन बंधू त्यांच्याच हाताखालून गेले. पण या कारकिर्दीतला मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा सात हा आहे. पहिले विजेतेपद १९७३ मध्ये आले, म्हणजे गूल्ड यांना सात वर्षे वाट पाहू दिली गेली. त्यांच्यामागून त्यांचाच जुना खेळाडू जॉन व्हिटलिंगर कोच झाला आणि त्यानंतर आणखी एक जुना खेळाडू, पॉल गोल्डस्टीन. जॉर्जियात मॅगिल १९५५ ते १९८८ आणि त्यांचाच शिष्य मॅन्युएल डियाझ १९८८ ते २०२४, म्हणजे जवळजवळ ७० वर्षांत दोनच कोच आणि सहा राष्ट्रीय विजेतेपदे. व्हर्जिनियात ब्रायन बोलंड २००१ मध्ये आले. त्यांच्या संघाला राष्ट्रीय विजेतेपद २०१३ मध्ये मिळाले. त्याआधी लागोपाठ दोन अंतिम लढती ते हरले होते. मग पुढच्या चार वर्षांत आणखी तीन विजेतेपदे आली. बाराव्या वर्षापर्यंत ज्याच्या हाती करंडक नव्हता त्या कोचला व्हर्जिनियाने राहू दिले नसते, तर ही चार विजेतेपदे कुणाच्या तरी दुसऱ्या कपाटात असती.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. स्टॅनफर्डकडे कॅलिफोर्नियाचे ऊन आहे, श्रीमंत माजी विद्यार्थी आहेत आणि पदवीला जगभर किंमत आहे. तिथे उत्तम कुमार खेळाडू आपणहून येतात, मग कोच कितीही वर्षे राहो. म्हणजे मुक्काम हे यशाचे कारण नाही. यश मिळत राहिले म्हणून मुक्काम लांबला. या तर्कात तथ्य आहे, आणि नुसत्या गूल्ड यांच्या उदाहरणावर माझे म्हणणे टिकणार नाही. म्हणून इलिनॉय पाहावे. दक्षिण आफ्रिकेतून आलेले क्रेग टायली १९९२ मध्ये तिथे गेले तेव्हा इलिनॉय टेनिसचे माहेरघर नव्हते. हिवाळ्यात तर छताखालीच खेळावे लागते. अकरा वर्षांनी, २००३ मध्ये, त्यांचा संघ ३२ लढतींत एकही न हरता राष्ट्रीय विजेता झाला. त्याच स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद इलिनॉयच्या अमेर डेलिचने मिळवले, आणि दुहेरीचे इलिनॉयच्याच ब्रायन विल्सन व राजीव राम या जोडीने. राजीव रामचे आईवडील भारतातून गेलेले, आणि तो स्वतः पुढे दुहेरीत ग्रँड स्लॅम विजेता झाला. ऊन नव्हते, वारसा नव्हता. अकरा वर्षे मात्र होती. टायली पुढे ऑस्ट्रेलियाला गेले आणि टेनिस ऑस्ट्रेलियाचे प्रमुख झाले. याहून शुद्ध उदाहरण विल्किन्सन यांचे. गस्टावस ॲडॉल्फस तिसऱ्या विभागात खेळते, आणि त्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. म्हणजे पैशाने खेळाडू आणण्याची वाटच बंद. १९७१ ते २००९ या काळात त्यांच्या संघांनी नऊशेहून अधिक लढती आणि दोन राष्ट्रीय सांघिक विजेतेपदे जिंकली. सकारात्मक वृत्ती, पूर्ण प्रयत्न आणि खिलाडूपणा या तीनच गोष्टी खेळाडूच्या हातात असतात, निकाल नसतो, असे ते शिकवत. तरी निकाल आले, आणि ते विकत घेतलेल्या गुणवत्तेचे नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. एका माणसाच्या हाती निवड, शिष्यवृत्ती, संघातले स्थान आणि वर्षानुवर्षांची खुर्ची इतके सगळे दिले की तो माजतो. याचा पुरावा न्यायालयाच्या नोंदींतच आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रवेशाचा मोठा गैरव्यवहार उघड झाला. श्रीमंत पालकांनी लाच देऊन आपल्या मुलांना खेळाडू म्हणून नामवंत विद्यापीठांत घुसवले होते, आणि त्यात टेनिस कोचही होते. टेक्सास विद्यापीठाचे मायकेल सेंटर यांनी २०१५ मध्ये सुमारे एक लाख डॉलर घेऊन एका मुलाला टेनिसपटू म्हणून प्रवेश मिळवून दिला. त्यांना सहा महिन्यांची कैद झाली. जॉर्जटाउनचे माजी कोच गॉर्डन अर्न्स्ट यांना कितीतरी मोठ्या रकमा घेतल्याबद्दल २०२२ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली. दोघेही आपापल्या जागी दहा वर्षांहून अधिक काळ होते, म्हणून हा आक्षेप माझ्या मांडणीवर थेट येऊन आदळतो. तरी गुन्हा कुठे घडला ते नीट पाहायला हवे. तो कोर्टावर घडला नाही, खेळाडू घडवण्याच्या कामातही घडला नाही. कोचने नाव दिले की प्रवेश कार्यालय दुसऱ्या कुणाकडून खातरजमा न करता त्याला खेळाडू मानत होते, गुन्हा त्या फटीत घडला. हा मुलगा टेनिस खेळतो का, एवढा प्रश्न एखाद्या कारकुनाने विचारला असता आणि मानांकन पाहिले असते, तरी सौदा फुटला असता. त्यानंतर अनेक विद्यापीठांनी अशी पडताळणी सुरू केली, आणि तोच खरा उपाय आहे. एक गोष्ट इथे नोंदवण्याजोगी आहे. सेंटर यांना काढल्यानंतर दोनच महिन्यांनी, सहायक कोच ब्रूस बर्क यांच्या हाताखाली, टेक्सासने पुरुषांचे आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. संस्थेत रुजलेला सहायक नसता तर हे होणे अवघड होते.

खेळाडूंवरच्या अन्यायाची बाजू मात्र मी हलकी करणार नाही. १९७३ नंतर जवळजवळ चार दशके अमेरिकेत क्रीडा शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असे, आणि तिचे नूतनीकरण कोचच्या मर्जीवर. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा २०१२ पासून मिळाली. दुसऱ्या कॉलेजात जायचे तर २०१८ पर्यंत आधीच्या संस्थेची परवानगी लागे. त्या वर्षी ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची सामाईक यादी, आले आणि परवानगीऐवजी नुसती सूचना पुरेशी ठरली. ज्या मुलाचे कोचशी पटत नाही, ज्याला न्याय मिळत नाही, त्याला अडवून ठेवण्याचा अधिकार कोचला कधीच नसायला हवा होता. तो गेला हे बरे झाले. पण खेळाडूला स्वातंत्र्य देणे आणि कोचची खुर्ची अस्थिर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अमेरिकी विद्यापीठे त्या एकत्र गुंफत चालली आहेत. खेळाडू दर वर्षी जाऊ शकतो, म्हणून संघ दर वर्षी नव्याने बांधायचा, म्हणून कोचलाही दर वर्षीच्या निकालावर मोजायचे, असा हा क्रम आहे. यातला पहिला दुवा न्याय्य आहे. तिसरा अजिबात नाही.

स्त्री कोचच्या बाबतीत या पेशाचा हिशेब आणखी वाईट आहे. १९७२ मध्ये अमेरिकी कॉलेजांतल्या मुलींच्या संघांपैकी, सर्व खेळ मिळून, ९० टक्क्यांहून अधिक संघांना स्त्री कोच होती. २०१४ पर्यंत हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर आले. मुलींच्या खेळाला पैसा आणि प्रतिष्ठा आली, तशी ती पदे पुरुषांना हवीशी झाली. ज्या थोड्या स्त्रियांना दीर्घ मुक्काम मिळाला त्यांनी काय केले ते पाहावे. स्टॅनफर्डमध्ये लेले फरूद आधी फ्रँक ब्रेनन यांच्या सहायक होत्या. ब्रेनन यांची दहा विजेतेपदे होती. फरूद यांनी मुख्य कोच झाल्यावर स्वतःची दहा मिळवली. यूसीएलएत स्टेला सॅम्प्रास वेबस्टर यांच्या संघाने पहिले राष्ट्रीय विजेतेपद २००८ मध्ये मिळवले, त्या प्रमुख झाल्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळाने. २०१४ च्या त्यांच्या दुसऱ्या विजेत्या संघात जेनिफर ब्रेडी होती, जी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत, कारण संधीच तितक्या दिल्या गेल्या.

गेल्या काही वर्षांत या पेशाखालची जमीन कशी हलली, ते थोडक्यात सांगता येईल. २०२० मध्ये साथीच्या काळात आयोवा, मिनेसोटा, कनेक्टिकट, ॲपलाचियन स्टेट यांसारख्या विद्यापीठांनी मुलांचे टेनिस संघच बंद करण्याचे जाहीर केले. टेनिसला तिकीटविक्री नाही, दूरचित्रवाणीचा करार नाही. हिशेबाच्या वहीत हा खेळ फक्त खर्चाच्या बाजूला दिसतो. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येऊ लागले. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई, आणि यापुढे विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना वाटण्याची मुभा, असा तिचा गाभा आहे. शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघातल्या संख्येची मर्यादा आली. टेनिसला ती दहा. कागदावर आता मुलांच्या संघाला साडेचारऐवजी दहा पूर्ण शिष्यवृत्त्या देता येतात. पण वाटायचा पैसा मुख्यतः फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाणार हे उघड आहे, आणि तो पैसा कुठून तरी काढावा लागणार. खेळाडूंना त्यांच्या श्रमाचा वाटा मिळाला याचे मला समाधान आहे. त्या वाट्याची किंमत टेनिस, पोहणे, जिम्नॅस्टिक्स यांच्या कोचनी आणि मुलांनी चुकवावी, हे मात्र मान्य होण्यासारखे नाही.

या वातावरणात कोचच्या मनावर काय परिणाम होतो, ते परदेशी खेळाडूंच्या प्रश्नात स्पष्ट दिसते. पहिल्या विभागातल्या टेनिस संघांत आज निम्म्याहून अधिक खेळाडू अमेरिकेबाहेरचे आहेत, आणि अमेरिकी करदात्यांचा पैसा परक्यांवर का, असा सवाल तिथे वारंवार विचारला जातो. मला वाटते, खरा प्रश्न खेळाडू कोणत्या देशाचा हा नाही. तो किती तयार होऊन आला हा आहे. ज्याला सात किंवा बारा वर्षे आहेत तो कोच सतरा वर्षांचा कच्चा मुलगा घेतो. ज्याचा करार दोन वर्षांत तपासला जाणार, तो व्यावसायिक स्पर्धा खेळून आलेला वीस-एकवीस वर्षांचा तयार खेळाडू शोधतो, मग तो स्पेनचा असो की दुसऱ्या अमेरिकी कॉलेजातून पोर्टलवर आलेला असो. चेन्नईत टेनिस शिकलेला सोमदेव देववर्मन व्हर्जिनियात परदेशीच होता. २००६ मध्ये तो एकेरीच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात हरला. २००७ मध्ये त्याने जॉर्जियाच्या जॉन इस्नरला त्याच्याच विद्यापीठाच्या गावी, अथेन्समध्ये, हरवून विजेतेपद मिळवले आणि २००८ मध्ये, ४४ विजय आणि एक पराभव अशा हंगामात, ते राखले. चार वर्षे एका कोचकडे काढल्याचे ते फळ होते. महेश भूपतीनेही मिसिसिपी विद्यापीठाकडून खेळताना १९९५ मध्ये अली हमादेहसह दुहेरीचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. परदेशी खेळाडू येणे हा दोष नव्हे. त्यांना घडवायला वेळ न उरणे हा दोष आहे.

ब्रायन शेल्टन यांची कारकीर्द या साऱ्या प्रश्नाला एका ठिकाणी आणते. ज्या जॉर्जिया टेकसाठी ते स्वतः खेळले तिथेच ते मुलींच्या संघाचे कोच झाले आणि २००७ मध्ये त्यांनी त्या संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. २०१२ मध्ये ते फ्लोरिडाच्या मुलांच्या संघाकडे गेले आणि नवव्या वर्षी, २०२१ मध्ये, तिथेही विजेतेपद आले. मुलांच्या आणि मुलींच्या अशा दोन्ही संघांना पहिल्या विभागात राष्ट्रीय विजेते करणारे ते पहिले कोच. २०२२ मध्ये त्यांचा मुलगा बेन फ्लोरिडाकडून एकेरीचा विजेता झाला. २०२३ मध्ये शेल्टन यांनी विद्यापीठ सोडले आणि ते मुलाचे व्यावसायिक कोच झाले. बापाने मुलासोबत जावे यात वावगे काही नाही, आणि बेनच्या खेळाला त्याचा लाभच झाला आहे. पण पेशा म्हणून पाहिले तर एका माणसाकडे दोन दशकांत साठलेले, दरवर्षी आठ-दहा मुलांना मिळणारे ज्ञान आता एका खेळाडूच्या सेवेला लागले आहे. विद्यापीठात राहण्याचे आकर्षण कमी होत गेले, तर असे ज्ञान व्यावसायिक टेनिसकडे आणि खासगी अकादम्यांकडे वाहत राहील, आणि त्यावर हक्क फक्त फी भरू शकणाऱ्यांचा राहील.

यावर काय करता येईल? पदाला देणगीचा कायम निधी जोडणे हा एक मार्ग अमेरिकेत आधीपासून आहे, आणि टेनिससाठी तो सर्वांत खात्रीचा दिसतो. निधीच्या व्याजातून पगार निघाला की क्रीडा विभागाच्या दरवर्षीच्या कपातीत ते पद येत नाही. दुसरे, कोचचे मूल्यमापन चार वर्षांच्या टप्प्याने व्हावे, म्हणजे त्याने आणलेली एक तुकडी पदवी घेऊन बाहेर पडल्यावर. त्यात लढती मोजाव्यात, पण किती जणांनी पदवी पुरी केली आणि सहाव्या-सातव्या क्रमांकावर आलेला खेळाडू कुठवर चढला हेही मोजावे. खेळाडूला जाण्याचे स्वातंत्र्य पूर्ण असावे आणि प्रवेशाची पडताळणी कडक असावी. हे सारे असूनही कोच वाईट निघू शकतो, आणि मग त्याला काढावेच, शिक्षकालाही काढतात. पण एका पराभूत हंगामासाठी काढू नये.

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप वेगळे आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक हा एकच माणूस कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे पाहतो. फक्त टेनिससाठी पूर्ण वेळचा पगारी कोच ही कल्पनाच जवळपास नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात, पण त्यांत खेळणारी मुले पुण्या-मुंबईच्या क्लबांत आणि अकादम्यांत, पालकांच्या पैशावर घडलेली असतात. म्हणून पुण्याचा अर्जुन काढे ओक्लाहोमा स्टेटला गेला आणि महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला. पुढे २०२३ मध्ये ऋतुजाने रोहन बोपण्णासह हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. आणखी मुले जातील, जायलाही हवीत. त्यांच्या पालकांना माझी विनंती आहे. कॉलेजचे मानांकन आणि शिष्यवृत्तीची टक्केवारी जरूर पाहा, पण सही करण्यापूर्वी कोचला चार प्रश्न विचारा. तुम्ही इथे किती वर्षे आहात आणि तुमचा करार केव्हापर्यंत आहे? चार वर्षांपूर्वी तुम्ही आणलेल्या मुलांपैकी किती जणांनी इथेच पदवी घेतली? शिष्यवृत्ती एका वर्षाची आहे की चार वर्षांची, आणि हे लेखी देता का? आणि आज सहाव्या क्रमांकावर खेळणारा खेळाडू पहिल्या वर्षी कुठे होता? जो कोच चौथ्या प्रश्नाला त्या खेळाडूचे नाव घेऊन सविस्तर उत्तर देईल, त्याच्याकडे मूल पाठवा.